साठ लिटर पाणी, तीन मजले

गच्चीवरच्या ज्या बागा मी बंद पडलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक पाणी वर नेणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांनी बंद पाडल्या. कीड, ऊन, माकडं, खालच्या मजल्याची गळतीची तक्रार अशी कारणं आधी सांगितली जातात आणि ती खोटी नसतात. पण कीड पडली म्हणून कुणी जोपासलेल्या चाळीस कुंड्या महिन्याभरात वाटून टाकत नाही. थोडं बोलत बसलं, चहा झाला, की मग खरं कारण निघतं. "आता बादली होत नाही हो." बोलणारं माणूस बहुधा साठीच्या पुढचं असतं, आणि बहुधा बाई असते.

म्हणून या लेखात ज्या पंपाबद्दल लिहितो आहे, त्याला मी फावल्या वेळचा उद्योग मानत नाही. बारा व्होल्टची बॅटरी, मुठीत मावेल एवढा पंप, वीसेक मीटर नळी, एक फ्यूज आणि एक बटण. भिंतीतल्या प्लगशी त्याचा संबंध नाही. उचलून हवा तिथे ठेवायचा आणि बटण दाबायचं. पकड, स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग गन एवढ्या हत्यारांत तो घरी उभा राहतो. मात्र तो नीट चालायचा तर जोडणीआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

हिशेब पाण्यापासून सुरू करू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज दहा मिलिमीटरच्या आसपास वाफ होते. बारा इंची कुंडीचं तोंड म्हणजे चौरस मीटरचा साधारण चौदावा हिस्सा. नुसतं तोंड धरलं तर पाऊण लिटर. पानांचा पसारा कुंडीबाहेर गेलेला असतो, तो धरून लिटरभर. साठ कुंड्यांना साठ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या.

आता उंची. तीन मजले चढून गच्ची म्हणजे जमिनीपासून दहा मीटर धरू. एक लिटर पाणी एक मीटर उचलायला ९.८ ज्यूल ऊर्जा लागते. साठ लिटर दहा मीटर न्यायला ५,९०० ज्यूलही लागत नाहीत. विजेच्या भाषेत हे १.६ वॅट-तास झाले. नऊ वॅटचा दिवा अकरा मिनिटं जळला तर एवढी वीज खर्च होते. पहिल्यांदा हा आकडा पाहिला की तो चुकलाय असंच वाटतं, पण तो बरोबर आहे. मग दमायला का होतं? कारण बादली घेऊन चढणारं माणूस स्वतःलाही उचलत असतं. साठ किलो वजनाच्या बाईने चार फेऱ्या केल्या की तिने साठ किलो पाणी आणि २४० किलो स्वतःला तीन मजले वर नेलेलं असतं. श्रम पाचपट. शिवाय रिकामी बादली घेऊन उतरताना गुडघ्यांवर येणारा भार या हिशेबात धरलेलाच नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मी हा हिशेब एका शाळकरी वहीत मांडलेला पाहिला. वही होती आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका शिल्प निदेशकांची. त्यांना सगळी इमारत काका म्हणते, मीही म्हणू लागलो. बाग काकूंची. वांगी, मिरच्या, दोडक्याचा वेल, अळू, कढीपत्ता, गवती चहा आणि एका जुन्या टबात रुजवलेली हळद. गच्चीवरची टाकी पिण्याच्या पाण्याची. त्यातून झाडांना पाणी घ्यायचं नाही असा सोसायटीचा ठराव आहे आणि टँकर मागवावा लागणाऱ्या इमारतीत तो ठराव योग्यच म्हणायला हवा. बोअरचं पाणी खाली पार्किंगमध्ये सकाळी अर्धा तास सोडतात. ते दोनशे लिटरच्या ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि बादलीने वर न्यायचं, असं बरीच वर्षं चाललं. मग काकूंच्या उजव्या गुडघ्याने हात टेकले.

"ह्यांनी आणून दिल्या असत्या बादल्या," काकू म्हणाल्या, "पण ह्यांचं हार्टचं झालेलं. मी म्हटलं, नकोच. कुंड्या देऊन टाकते."

"देऊन टाकते म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही नीट," काका म्हणाले.

"काहीतरीच सांगू नका हो."

विजेवरची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर त्यांनी का बसवली नाही, हे विचारणं साहजिक होतं. काकांची कारणं तीन होती. पार्किंगमधली वीज सगळ्यांच्या मीटरवर, म्हणजे दर महिन्याला वाद. दुसरं, ओल्या फरशीवरून २३० व्होल्टची वायर ओढत न्यायची आणि ओल्या हातांनी प्लग काढायचा. ज्यांनी आयुष्यभर पोरांना विजेची शिस्त शिकवली ते हे करणार नव्हते. तिसरं कारण झाडांचं. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॅट. ती मोटर मिनिटाला कितीतरी बादल्या फेकते. कुंडीतल्या मातीला एवढं पाणी प्यायला वेळ मिळत नाही. वरची माती उधळते, उरलेलं पाणी तळाच्या भोकातून निघून जातं आणि जाताना खत घेऊन जातं. कुंडीला मंद पाणी हवं. मंद पाण्याला लहान पंप पुरतो, लहान पंपाला लहान बॅटरी पुरते, आणि बॅटरी लहान असली की सगळं एका डब्यात बसून एका हाताने उचलता येतं. हा सगळा पंप झाडाच्या पिण्याच्या गतीपासून मागे येत येत ठरलेला आहे. घरगुती पंप फसतात ते बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू केल्यामुळे. माणूस आधी दुकानातला सगळ्यात दांडगा पंप आणतो आणि मग त्याला पुरेल अशी बॅटरी शोधत बसतो.

त्यांनी निवडलेला पंप महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. पाठीवरच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपात तळाशी बसवलेला असतो तोच, डायफ्रॅम पंप. कृषी सेवा केंद्रात सुटा मिळतो, पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान. काकांनी माझ्यासमोर वर्तमानपत्र पसरून एक उघडला. पुढच्या तोंडाचे स्क्रू काढले की मोटरीच्या दांड्यावर बसवलेली एक तिरकी चकती दिसते. मोटर फिरते तशी ती चकती डोलते आणि रबराच्या पडद्याचे तीन फुगीर भाग आळीपाळीने आत-बाहेर ढकलते. एक भाग मागे गेला की पाणी ओढतो, पुढे आला की ढकलतो. पाणी परत फिरू नये म्हणून रबराच्या पातळ झडपा. इतकंच. वाळूचा एखादा कण त्या झडपेखाली अडकला की मोटर छान आवाज करत फिरत राहते आणि पाणी मात्र येत नाही. "पंप जळला" म्हणून फेकलेल्या कित्येक पंपांचं दुखणं एवढंच असतं. काकांनी झडप नखाने उचलून दाखवली, तिच्या कडेला शेवाळाचा हिरवा धागा होता. तो बोटाने पुसला, स्क्रू परत आवळले. म्हणूनच ओढणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी हवी, आणि ते टोक ड्रमच्या बुडाला न टेकवता वीतभर वर टांगायला हवं. तळाशी गाळ असतो.

या पंपाच्या डोक्यावर एक छोटी काळी डबी असते, दाबाचा स्विच. पुढचा नळ बंद केला की आत दाब चढतो आणि स्विच मोटरीची वीज तोडतो. म्हणजे गच्चीवर उभं राहून काकूंनी नळीच्या टोकाची तोटी बंद केली की खाली पंप आपोआप थांबतो, उघडली की सुरू होतो. वर-खाली हाका मारायला नकोत. दाब पंपावर पीएसआयमध्ये छापलेला असतो. एक पीएसआय म्हणजे पाण्याची सत्तर सेंटिमीटर उंची. दहा मीटरला चौदा-पंधरा पीएसआय पुरतात, आणि या पंपांवर साठ, ऐंशी, शंभर असे आकडे असतात. इथे एक खबरदारी. पंपावर छापलेला जास्तीत जास्त दाब आणि जास्तीत जास्त प्रवाह एकाच वेळी मिळत नाहीत. पूर्ण प्रवाह मिळतो तो नळी उघडी आणि सपाटीवर असताना. म्हणून काकांनी पंप आणल्यावर पहिलं काम केलं ते गच्चीवर वीस लिटरची बादली आणि हातात घड्याळ घेऊन उभं राहण्याचं. बादली भरायला पाच मिनिटं लागली. मिनिटाला चार लिटर. साठ लिटरला पंधरा मिनिटं.

पंप तेव्हा तीन अ‍ॅम्पिअर घेत होता, म्हणजे ३६ वॅट. पंधरा मिनिटांचे नऊ वॅट-तास. शुद्ध उचलण्याला १.६ लागतात आणि खर्च होतात नऊ; बाकीचे मोटरीच्या उष्णतेत, रबर वाकवण्यात आणि नळीच्या घर्षणात जातात. लहान पंप असेच असतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कारण यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी ८४ वॅट-तास साठवते. ती अर्ध्याखाली उतरवायची नाही असा नियम पाळला तरी चार दिवस पुरते. काकांच्या वहीत रोजची नोंद आहे. तारीख, मिनिटं, सुरुवातीचा व्होल्टेज, विसावल्यानंतरचा व्होल्टेज. भरलेली बॅटरी १२.७ दाखवते, १२.२ झालं की निम्मी संपली. तिथे थांबून चार्जिंगला लावायची. शिशाच्या बॅटरीला उपाशी ठेवलं की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. "रात्री जेवायच्या आधी बॅटरी चार्जिंगला," असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, काकूंच्या अक्षरात.

बॅटरीचा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घरगुती पंपात माणसाला इजा करू शकेल असा भाग तोच एक आहे. त्यासाठी मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन-तीन दुपारी घालवल्या. तिथे काउंटरवर लिथियमचे गोल सेल पसरलेले असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, ज्यांना सगळे १८६५० म्हणतात. काही नवे, काही जुन्या लॅपटॉपच्या पोटातून काढलेले, काही नवी वेष्टणं चढवलेले जुने. वेष्टणावर ६,८०० किंवा ९,९०० मिलिअ‍ॅम्पिअर-तास असे आकडे. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास देतो. त्यामुळे असा आकडा छापलेला दिसला की सेल खाली ठेवायचा. चांगला सेल हातात भरीव लागतो, वजन ४५ ग्रॅमच्या पुढे. हलका लागला तर आत काय आहे ते विचारूही नये.

"काका, कशासाठी पाहिजे?" एका तरुण दुकानदाराने मला विचारलं.

"बागेच्या पंपाला."

"मग हे नकाच घेऊ. फॉस्फेटवाली घ्या, तयार पॅक, आत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, असलेला. थोडे जास्त जातील, पण घरी लहान मुलं असतील तर झोप लागेल."

नको असलेला माल न विकणारा दुकानदार मला आदरणीय वाटतो. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. लॅपटॉपमधले नेहमीचे लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला पोचतात. जास्त भरले, चेपले, आतून शॉर्ट झाले, तर तापतात. एका मर्यादेपलीकडे आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता वाढवत नेते आणि आग लागते, जी विझवणं अवघड असतं. वेगवेगळ्या वयाचे चार जुने सेल माळेत जोडले की त्यातला अशक्त सेल दर वेळी आधी रिकामा होतो आणि आधी भरतो, म्हणजे रोज त्याच्यावर अत्याचार. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, चार जोडले की १२.८ होतात, बारा व्होल्टच्या पंपाला अगदी जुळणारे. त्यातला फॉस्फेटचा सांगाडा उष्णतेत सहज तुटून ऑक्सिजन सोडत नाही, त्यामुळे तो बराच शांत स्वभावाचा. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात ए. के. पाधी, के. एस. नंजुंदस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन गुडइनफ यांच्याबरोबर हा पदार्थ बॅटरीसाठी मांडला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज गावोगावच्या फवारणी पंपांत आणि सौर दिव्यांत जे रसायन जाऊन बसलंय, त्याच्या पहिल्या शोधनिबंधावर दोन भारतीय नावं आहेत, हे आपल्याकडे अधिक माहीत असायला हवं.

घरात बॅटरीचं ड्रिल मशीन आहे, त्याचीच बॅटरी वापरू, असं पुष्कळांच्या मनात येतं. कल्पना चांगली आहे. १९६१ साली ब्लॅक अँड डेकर कंपनीने निकेल-कॅडमियमवरचं पहिलं बिनवायरीचं ड्रिल बाजारात आणलं, आणि आज सुटी होणारी बॅटरी हे या हत्यारांचं वैशिष्ट्य आहे. वीस व्होल्ट म्हणून विकतात त्या बॅटरीत पाच सेल असतात. प्रत्यक्षात अठरा व्होल्ट, पूर्ण भरल्यावर एकवीस. बारा व्होल्टच्या पंपाला ती थेट लावायची नाही, मध्ये व्होल्टेज उतरवणारी पट्टी हवी. आणि दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. अनेक कंपन्यांच्या बॅटरीत "आता रिकामी झाली, थांब" हे सांगणारं सर्किट बॅटरीत नसून ड्रिलमध्ये असतं. ड्रिल बाजूला केलं की थांबवणारंही गेलं. पंप मग सेल पार कोरडे होईपर्यंत चालतो आणि ते सेल पुन्हा उठत नाहीत. तेव्हा कमी व्होल्टेजला तोडणारी वेगळी पट्टी बसवल्याशिवाय ड्रिलची बॅटरी पंपाला देऊ नये.

फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकाला लागून, बोटभर अंतरावर. गाडीतला साडेसात किंवा दहा अ‍ॅम्पिअरचा चपटा फ्यूज चालतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बॅटरीची दोन टोकं चुकून जुळली तर वायर लाल व्हायला फार वेळ लागत नाही.

वायर आणि नळी या दोन गोष्टींवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच पंप मरतो. बॅटरी घरात आणि पंप दहा मीटर लांब ठेवून मध्ये पाऊण चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर चार अ‍ॅम्पिअरला जवळजवळ दोन व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बाराचे दहा झाले. म्हणून बॅटरी पंपाला चिकटून ठेवायची आणि लांब न्यायची ती नळी. नळीचं तर आणखी टोकाचं आहे. बारा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या वीस मीटर नळीत मिनिटाला चार लिटर पाणी जाताना घर्षणात साधारण एक मीटर उंचीएवढा दाब जातो. तीच नळी सहा मिलिमीटरची घेतली तर तो पंचवीस मीटरच्या पुढे जातो. व्यास निम्मा, नुकसान पंचवीसपट. तीन मजल्यांच्या उंचीपेक्षा बारीक नळीच जास्त "उंच" ठरते.

काकूंची गच्ची पुढे ठिबकवर गेली. ताशी चार लिटरचे साठ ड्रिपर म्हणजे ताशी २४० लिटर, म्हणजेच मिनिटाला चार. पंधरा मिनिटांत दर कुंडीला एक लिटर. हा मेळ जमल्यावर काकांना किती आनंद झाला ते वहीत दिसतं, त्या पानावर आकड्यांभोवती लाल चौकट आहे. ठिबकला नळीच्या टोकाशी दहा मीटरएवढा दाब लागतो. तो उंचीत मिळवला की पंपाला वीस मीटरचं काम करावं लागतं, करंट चार अ‍ॅम्पिअरवर जातो, बॅटरी चारऐवजी तीन दिवसांत भरावी लागते. त्यांनी हे सगळं आधी मांडून मगच ड्रिपर आणले. आता काकू सकाळी खाली येऊन बटण दाबतात आणि वर जाऊन मिरच्यांची पानं उलटून बघत बसतात. पाण्यात जाणारा वेळ झाडांना मिळतो. भाजी वाढली का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "वाढली असेल. मला आता झाडं दिसायला लागलीत. आधी नुसती बादली दिसायची."

कोकणात पंपासमोरचा प्रश्न वेगळा निघाला. गुहागरच्या बाजूला एका उतारावरच्या घरी गेलो होतो. खाली नारळी-पोफळीचं आगर, आगरात जांभ्यात खोदलेली विहीर, काठावर रहाटाची जुनी चौकट अजून उभी. घरमालकांना गाव भाऊ म्हणतं. त्यांच्याकडे एक हॉर्सपॉवरची मोटर आहे, तरी एप्रिलनंतर ते ती लावत नाहीत. मे महिन्यात झरा मिनिटाला पाच-सहा लिटर देतो. मोठी मोटर साठलेलं पाणी दहा मिनिटांत उपसते, मग हवा ओढते, आणि कोरडी फिरली की सील जळतं. "झऱ्याच्या चालीने चालेल असा पंप हवा होता," भाऊ म्हणाले. त्यांच्या मुलाने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून तो केला. मिनिटाला चार लिटर. झऱ्याहून थोडा हळू.

पण पाणी होतं काठापासून नऊ मीटर खाली, आणि पंप काठावर ठेवल्यावर पाण्याचा थेंब आला नाही. यामागचं कारण युरोपात सतराव्या शतकात शोधलं गेलं. ठरावीक उंचीपलीकडे पंप पाणी ओढत नाहीत याची चर्चा गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात केली आहे; त्याच्यानंतर काही वर्षांतच तोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी धरून दाखवलं की पाण्याला वर ढकलत असते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ती हवा पाण्याचा १०.३ मीटरचा स्तंभ पेलते, त्याहून तसूभर जास्त नाही. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर, तिथे ही मर्यादा आणखी अर्ध्या-पाऊण मीटरने खाली येते. ही झाली आदर्श पंपाची गोष्ट. लहान डायफ्रॅम पंप कोरड्या नळीतून दीड-दोन मीटर ओढतो, बस. ढकलायला मात्र तो चाळीस मीटरही ढकलेल. रहाट आणि मोट यांना ही मर्यादा कधी आडवी आली नाही, कारण ती पाणी ओढत नव्हती. भांडं भरून थेट उचलत होती.

भाऊंच्या मुलाने पंप, बॅटरी आणि फ्यूज एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बांधले, वर झाकण घातलं आणि क्रेट रहाटाच्या चौकटीवरून दोराने विहिरीत सोडलं, पाण्याच्या वर हातभर. ओढायची उंची हातभर, ढकलायची बारा मीटर. पाणी लगेच आलं. सकाळी दोन तासांत साडेचारशे-पाचशे लिटर निघतं. नव्या पोफळीच्या आळ्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना पुरतं. खर्च ऐंशी वॅट-तासांचा, म्हणून बॅटरी बारा अ‍ॅम्पिअर-तासांची फॉस्फेटची, आणि ती भरायला पडवीच्या कौलांवर चाळीस वॅटचं सोलर पॅनेल. वारा सुटला की तिकडे वीज जाते. शिंपणं आता विजेच्या वाटेकडे बघत बसत नाही. दोर मात्र दर पावसाळ्यानंतर बदलायचा, हे भाऊंनी मला दोनदा सांगितलं.

त्यांच्याकडे आणखी एक अडचण निघाली होती, ती इतरांच्या उपयोगाची आहे. घराजवळच्या टाकीत चढवलेलं पाणी ते याच जातीच्या दुसऱ्या पंपाने खालच्या वाफ्यांत सोडत. पंप बंद केला तरी पाणी वाहतच राहायचं, एका रात्रीत टाकी रिकामी झाली. पंपाच्या झडपा पाण्याला मागे येऊ देत नाहीत, पुढे जायला अडवत नाहीत. टाकी वर आणि नळीचं टोक खाली असलं की पाणी स्वतःच्या वजनाने वाहत राहतं. उपाय म्हणून त्यांनी नळी आधी टाकीच्या पातळीच्या वर नेली आणि त्या उंच वळणावर हवेसाठी एक बारीक भोक पाडलं. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते.

या दोन्ही घरांत मला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांची आठवण झाली. गणिताचे हे प्राध्यापक तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट सांगत राहिले, की स्वतःच्या जागेत मोजा, नोंदी ठेवा आणि शेजाऱ्याला सांगा. त्यांचा प्रयोग परिवार त्यावरच उभा राहिला. पंपांच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा तर आणखी जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर कारखाना वसवला आणि १९२६ पासून तिथे सेंट्रिफ्यूगल पंप होऊ लागले. मोटेच्या धावेवर बैल चालत होते त्या काळात हे घडलं. त्या मोठ्या पंपांनी शेतं भिजवली. कुंडीचं आणि आळ्याचं काम मात्र त्यांच्या आवाक्याखालचं राहिलं, तिथे अजून हंडा-बादलीच होती. हातात बॅटरी आल्यामुळे आता ते काम घरच्या घरी सोडवता येतं, आणि ज्या घरात गुडघे थकले आहेत तिथे ते लवकर सोडवावं असं मला तळमळीने वाटतं.

फक्त एका बाबतीत घाई करू नये. गावाकडे अडगळीत पडलेला जुना फवारणी पंप स्वस्तात मिळतो. त्याची बॅटरी गेलेली असते, आतला डायफ्रॅम पंप ठणठणीत असतो. मोह होतो. मी दुसऱ्यांदा सिंहगड रस्त्यावर गेलो तेव्हा तळमजल्यावरच्या एक ताई असाच पंप घेऊन आल्या होत्या, सासरच्या गावाहून आणलेला. काकांनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "ताई, यातून काय मारायचे?"

"गवत मारायचं औषध पण मारायचे, बांधावर."

तणनाशकांतलं २,४-डी अगदी थोडं उरलं तरी टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांची पानं आखडतात, आणि रबराच्या पडद्यात मुरलेलं औषध दोन-चार वेळा धुऊन जात नाही. कीटकनाशकाचं तर त्याहून गंभीर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे. ज्या पंपातून विष गेलं, त्यातून घरच्या भाजीला पाणी द्यायचं नाही. काकांनी त्या पंपातला चार्जर, बटण, फ्यूजची डबी आणि खांद्याचे पट्टे काढून घेतले. मेलेली बॅटरी वेगळी ठेवली, बॅटरीच्या दुकानात परत द्यायला; २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि कचऱ्याच्या गाडीत ती टाकायची नाही. पडदा, झडपा आणि टाकी त्यांनी एका पिशवीत बांधली, पिशवीवर मार्करने "विषारी" लिहिलं. मग ताईंना नव्या पंपाचा आकार, दाब आणि किंमत चिठ्ठीवर लिहून दिली, आणि जाण्याआधी त्यांच्या कुंड्या किती आणि त्या कितव्या मजल्यावर, ते विचारून वहीत टिपून घेतलं.